दोन सुया

स्टुडिओत आल्यावर पहिलं काम म्हणजे मोबाइल खणात ठेवणं. खणाला कुलूप होतं आणि किल्ली काकांच्या शर्टाच्या खिशात असायची. काका म्हणजे स्टुडिओचे मालक, सत्तरीला टेकलेले, कानांत केसांचे झुपके आणि तोंडानं अखंड बडबडे. आतल्या खोलीत लोकांचे चेहरे उघडेबोडके पडलेले असतात, तिथं आणखी एक कॅमेरा कशाला, असं त्यांचं म्हणणं. दर शनिवारी ते स्वतः बसून आठवड्याचे सगळे फोटो पुसून टाकत. गिऱ्हाईक गेलं की त्याचं तोंडही त्याच्याबरोबर जाऊ द्यावं, आपल्याला काय त्याचं लोणचं घालायचंय, असं ते म्हणायचे.

त्या आतल्या खोलीत मोठी अकरा वर्षं काम करत होती. घरी दोघी बहिणी, एक मोठी आणि एक धाकटी. खरी नावं कागदोपत्री राहिली आणि हाका याच पडल्या. मोठीची राहायची खोलीही स्टुडिओच्या समोरच, रस्त्यापलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. रस्ता ओलांडला की काम, परत ओलांडला की घर, असा तिचा दिवस.

काम म्हणजे फोटो सारखे करणं. पासपोर्टचा असो, नोकरीच्या अर्जाचा असो, माणूस कॅमेऱ्यासमोर बसतो तेव्हा रात्रीची झोप, कपाळावरची पुटकुळी, चष्म्यावरची चमक असं सगळं घेऊनच बसतो. मोठी ते एकेक करून काढून टाकायची. चेहरा चौपट मोठा करून बघितला की कातडी शेतजमिनीसारखी दिसते, ढेकळं आणि भेगा. त्यावरून ती इतक्या अलगद हात फिरवायची की गिऱ्हाइकाला आपण मुळातच असे आहोत असं वाटावं. क्वचित एका फोटोतले मिटलेले डोळे काढून दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे लावावे लागत. दोन तुकडे जुळतात त्या जागेला ती सांधा म्हणायची. तिचा सांधा कुणाला सापडत नसे. तिला मात्र दुसऱ्या कुणाचाही सापडायचा.

याच हातानं घात केला.

धाकटीचं घर पुलापलीकडे, बसनं पंचवीस मिनिटांवर. तिला मुलगी झाली. मुलगी गुटगुटीत, हसरी, आणि डाव्या गालावर जन्मतःच एक तांबूस डाग, बोटाच्या पेराएवढा. सहा महिन्यांची झाल्यावर धाकटीनं तिचा एक फोटो पाठवला. खिडकीशी बसलेली, ऊन तोंडावर, दोन्ही हात हवेत. मोठीनं तो फोटो बघितला तो रोज शंभर फोटो बघते तसाच. दहा मिनिटांचं काम होतं. डाग काढला, गालाचा रंग सारखा केला आणि फोटो परत पाठवला. खाली लिहिलं, बघ, आता कशी छान दिसते.

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी एकच ओळ आली. ती आधीही छानच दिसत होती, ताई.

पुढच्या आठवड्यात धाकटीनं ती मुलीचे फोटो टाकायची त्या खात्याला कुलूप लावलं. म्हणजे तिथले फोटो आता तिनं आत घेतलेल्या माणसांनाच दिसणार. जुन्या ओळखीच्यांनाही नव्यानं विचारावं लागणार होतं. मोठीनं विचारलं. बटण राखाडी झालं आणि त्यावर ‘विनंती पाठवली’ असं आलं. ते आठ महिने तसंच राहिलं.

भांडण असं झालंच नाही. फोनवर दोघी बोलायच्या, पण हवापाण्याचं. मोठी म्हणायची, येऊ का रविवारी? धाकटी म्हणायची, अगं, घर आवरलेलं नाही. आठ महिने ते घर आवरलं गेलं नाही.

मोठी स्वतःला समजवायची की आपण ते मायेनं केलं. मायेनं केलंच होतं. पण डाग काढताना त्या दहा मिनिटांत तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात काहीतरी सुखावलं होतं, तेही तिला ठाऊक होतं. लहानपणापासून कुणीही घरी आलं की आधी धाकटीच्या गालाला हात लावायचं. नाकडोळे तिचे, मार्क तिचे, पुढे घर तिचं, नवरा तिचा. त्या भरल्या घरात एक तरी गोष्ट अशी निघाली होती जी मोठीनं हात लावल्याशिवाय नीट होणार नव्हती.

मग दोन गोष्टी लागोपाठ घडल्या.

पहिली, धाकटीनं फोनवर सांगितलं की ती पुढच्या महिन्यापासून पुन्हा प्रयोगशाळेत कामावर जाणार आणि मुलगी पाळणाघरात. पाळणाघराचा नियम कडक होता. मुलाला न्यायला आई, बाबा आणि आणखी एकच माणूस, त्यांनी नेमून दिलेला. तिघांचीही फोटो लावलेली कार्डं करायची. कार्ड नसेल त्याच्या हाती मूल द्यायचं नाही, मग तो कुणीही असो. मोठीनं मनातल्या मनात हिशेब केला. स्टुडिओ चारला सुटे. पाळणाघर पाचला. पंचवीस मिनिटांची बस. सगळं कसं जुळत होतं. तिसरं माणूस कोण, असं तिनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. बघू, धाकटी म्हणाली, अजून ठरलं नाही.

दुसरी गोष्ट, बसथांब्यावर धाकटीचा नवरा भेटला. सरळ माणूस, पोटात एक आणि ओठात एक असं त्याला जमतच नसे. तो हसत म्हणाला, “ताई, पहिल्या पावलांचा व्हिडिओ बघितलात ना? दोनशे चौदा जणांनी बघितला.”

मोठी हो म्हणाली. बस आली तरी ती चढली नाही.

दोनशे चौदा. प्रयोगशाळेतल्या बायका, कुठल्याशा विणकामाच्या गटातल्या बायका, त्यांच्या ओळखीच्या बायका. रक्ताची मावशी दाराबाहेर आणि उभं गाव आत.

तो शुक्रवार होता. काकांनी फोटो पुसायला अजून एक दिवस होता. दुपारच्या सुट्टीत काका डबा खाऊन खुर्चीत पेंगत असताना मोठीनं आठवड्याभराचे चेहरे उघडले आणि त्यांतून एक बाई तयार केली. कपाळ बँकेतल्या एका कारकून बाईचं. गाल एका नर्सचे. हनुवटी शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंची. केस आणखी कुणाचे. डोळे मात्र काही केल्या बसेनात. ज्याचे लावावे त्याचे परके दिसत. शेवटी तिनं आपल्याच जुन्या फोटोतले लावले आणि ते बसले. डाव्या जबड्याखाली, नर्सचा गाल संपतो आणि बाईंची हनुवटी सुरू होते तिथं, सांध्याची एक बारीक काळसर रेघ राहिली. एवढ्याशा चित्रात ती कुणाला दिसणार? ती तशीच ठेवून तिनं फोटो स्वतःला मेल केला.

त्या चेहऱ्याचं एक नवं खातं उघडलं आणि नाव ठेवलं ‘दोन सुया’. धाकटीला विणकामाचा नाद होता. मोठीला साधा टाका येत नसे. लोकरीच्या दुकानाच्या काचेतले चार फोटो काढून तिनं ते साफसूफ करून चढवले आणि विनंती पाठवली.

आठ महिने राखाडी राहिलेलं बटण या बाईसाठी दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला उघडलं.

मोठी खोलीवर जाऊन जमिनीवर बसली आणि सगळे फोटो एका बैठकीत बघितले. पहिला दात. पहिली पावलं. टोपलीत बसलेली, टोपली डोक्यावर घेतलेली. एकाही फोटोत डाग लपवलेला नव्हता. उलट डावा गालच पुढे. आणि सगळ्या जणी तिला एका नावानं हाक मारत होत्या. ठिपकी. आमची ठिपकी, गोड ठिपकी, ठिपकीला पापा. आपल्या भाचीला घरात कोणत्या नावानं हाक मारतात हे मोठीला त्या दिवशी कळलं.

तिनंही मग लिहिलं, ठिपकी गोड आहे हो. धाकटीचं उत्तर लगेच आलं. त्यात एक हसरा चेहरा होता. मोठीच्या फोनवर धाकटीनं हसरा चेहरा पाठवून वर्ष होत आलं होतं.

दोन आठवड्यांत दोघींचं गूळपीठ जमलं. धाकटी दोन सुयांना सगळं सांगायची. झोप होत नाही, कामावर जायची धास्ती वाटते, नवरा चांगला आहे पण घोरतो. मोठी दुपारी चारला फोन हातात आला की रस्ता ओलांडायच्या आतच वाचायला लागायची. आपली बहीण इतकी गमतीची आहे हे तिला माहीत नव्हतं. वाचता वाचता हसू यायचं आणि हसता हसताच थांबायचं. कारण धाकटी हे तिला सांगत नव्हती. त्या बाईला सांगत होती.

एक दिवस न राहवून मोठीनं दोन सुयांच्या नावानं विचारलं, एवढं छान खातं, मग कुलूप का? नजर लागेल म्हणून?

उत्तर लांबलचक आलं. “नजर-बिजर मी मानत नाही. चोरांची थोडी भीती असते, ती सगळ्यांनाच असते. पण खरं सांगू का? कुलूप मी एकाच माणसासाठी लावलंय. माझ्या मोठ्या बहिणीसाठी. ती वाईट नाही. पण अनोळखी माणूस फोटो बघतो, गोड म्हणतो आणि कामाला लागतो. ती बघते आणि मापं घेते. माझ्या लग्नाच्या फोटोत तिनं माझे दात सारखे केले होते. मी काही बोलले नाही. दात माझे होते, चाललं. ठिपकीनं आपल्या चेहऱ्यात खोट आहे हे तिच्या नजरेतून शिकू नये, एवढंच.”

मोठीनं ते दोनदा वाचलं. राग यायला हवा होता, निदान लाज वाटायला हवी होती. वाटला तो निव्वळ मत्सर. हे सांगायला धाकटीला दोन सुया मिळाल्या. कपाळ एकीचं, गाल एकीचे, अशी ती गोधडी धाकटीच्या इतकी जवळ गेली, की तिथवर सख्खी बहीण तीस वर्षांत पोचली नव्हती.

त्याच आठवड्यात गुरुवारी धाकटीनं विचारलं होतं, तुम्ही विणायला कुठे शिकलात? मोठीला काय लिहावं सुचेना. तिनं उत्तर न देता फोन ठेवला. शुक्रवारी चारला फोन हातात आला तेव्हा उत्तर गेलेलं होतं.

“आमच्या घरी सुया नव्हत्या. भावाच्या सायकलच्या दोन तारा काढून फरशीवर घासल्या आणि त्यांच्यावर शिकले. तारेचा काळा रंग लोकरीला लागायचा, त्यामुळे माझं पहिलं सगळं विणकाम करडं आहे.”

मोठी रस्त्याच्या मधोमध थांबली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

आपणच लिहिलं असेल, तिनं स्वतःला सांगितलं. कामाच्या गडबडीत माणूस लिहितो आणि विसरतो. पण तिला भाऊ नव्हता, आणि सायकलची तार घासली की काळं लागतं हे तिला कुठून माहीत असणार? तिनं वेळ बघितली. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. तेव्हा फोन काकांच्या खणात कुलूपबंद होता.

सोमवारी त्या खात्यावर एक नवा फोटो होता. मांडीवर अर्धी विणलेली छोटी पिवळी टोपी, सुया तिच्यात तशाच खोचलेल्या, आणि कडेला एक हात. रुंद पंजा, नखं बारीक कापलेली, अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना व्रण.

मोठीनं तिला चेहरा दिला होता. हात दिले नव्हते.

ती सरळ कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदार पोरगेला, पण आपल्या कामात वाघ. मोठीनं सांगितलं की कुणीतरी माझं खातं वापरतंय. त्यानं पासवर्ड बदलून दिला, मग यादी उघडून दाखवली. हे खातं आजवर एकाच फोनवरून उघडलं गेलंय, तो म्हणाला, आणि तो फोन हा. मग जरा संकोचून म्हणाला, घरात कुणी लहान मूल आहे का हो? मुलं उचापती करतात. मोठी म्हणाली, घरात कुणीच नाही.

त्या संध्याकाळी तिनं दोन सुयांचा चेहरा मोठा करून बघितला. जबड्याखालची रेघ शोधली. ती कुठे असायला हवी ते तिच्याइतकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं. तिथं आता साधी कातडी होती. छिद्रं, किंचित लव, आणि एक आखूड पांढरा केस. मान तिनं समोर ठेवली होती, ती आता थोडी डावीकडे वळलेली वाटत होती, कुणी बाजूनं हाक मारल्यासारखी.

मूळ फाइल बघायला ती दुसऱ्या दिवशी संगणकाकडे धावली. पण मधे शनिवार होऊन गेले होते. काका आपल्या कामात चोख होते. मेलमध्ये गेलेला फोटोही आता हाच होता, वळलेल्या मानेचा.

मोठीनं खातं बंद केलं. दोनदा विचारून झाल्यावर पडद्यावर अक्षरं आली, हे खातं आता अस्तित्वात नाही. तिला हलकं वाटलं. खोलीवर जाऊन ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. आता धाकटीला भेटायचं, वाकायचं, माफी मागायची, असंही तिनं ठरवलं. पाळणाघराच्या कार्डावर तिसरं नाव अजून लिहिलं गेलं नव्हतं.

बुधवारी तिनंच फोन केला. धाकटीचा आवाज इतका खुशीत होता की मोठीला क्षणभर वाटलं, चुकून दुसरीकडे लागला.

“अगं, ते कार्डाचं काम झालं एकदाचं. तिसरं माणूस मिळालं.”

“कोण?”

“एक मैत्रीण आहे. तू नाही ओळखत. विणकाम करते. काल घरी येऊन गेली.”

मोठीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. कशी आहे, असं तिनं विचारलं. धाकटी हसून म्हणाली की फोटोत दिसते तशीच, उलट जरा बरी. आणि आश्चर्य म्हणजे कुणाकडे न जाणारी मुलगी तिच्याकडे झेपावली. पिवळी टोपी आणली होती तिनं.

“तिचे डोळे बघितले ना ताई, की वाटतं ही आपलीच कुणीतरी. ठिपकी तर आत्तापासूनच मावशी म्हणते तिला.”

धाकटी पहिल्यांदाच मोठीसमोर ठिपकी म्हणाली होती, आणि तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मोठीनं काकांकडे अर्धा दिवस सुट्टी मागितली. काका म्हणाले, अकरा वर्षांत पहिल्यांदा मागतेस, पूर्ण घे. बसमध्ये ती दांड्याला धरून उभी राहिली, बाक रिकामे असूनही. खरं सांगितलं तर धाकटी आयुष्यात तोंड बघणार नाही. नाही सांगितलं तर ती बाई रोज पाच वाजता मुलीला घेऊन जाणार. कुठे नेणार, ते कोण सांगेल?

दार धाकटीनं साखळी लावूनच उघडलं. मुलगी कडेवर. डोक्यावर पिवळी टोपी, कानांवर आलेली. आतल्या टेबलावर दोन कप होते. एक रिकामा. दुसऱ्यातून अजून वाफ निघत होती.

“कोण आहे आत?” मोठीनं विचारलं.

“कुणी नाही. तू न सांगता कशी आलीस?”

मोठीनं सगळं सांगितलं. दारातच, साखळीच्या फटीतून. कारकून बाईचं कपाळ, नर्सचे गाल, बाईंची हनुवटी. लोकरीच्या दुकानाची काच. पहिले दोन आठवडे मीच लिहीत होते, ती म्हणाली, तुझं घोरण्याचं, धास्तीचं, दातांचं, सगळं मीच वाचलं. मला वाट्टेल ते बोल, पण ती बाई नाही. अशी कुणी बाईच नाही.

धाकटी ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू शांत झाला, नको तितका.

“ती म्हणाली होती,” धाकटी म्हणाली.

“काय?”

“तू येशील आणि हेच सांगशील.”

मुलगी मोठीकडे बघत होती. रडत नव्हती, हसतही नव्हती. दुकानात रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे बघावं तशी.

“तिनं मला आधीच विचारलं होतं,” धाकटी पुढे म्हणाली. “तुमच्या बहिणीनं माझं सगळं आपणच केलंय असं सांगितलं तर कुणावर विश्वास ठेवाल?” तिनं मुलीची टोपी कानांवर ओढली. “फोटोतला डाग काढलास, ताई. आता माणूसही काढायला आलीस?”

दार लागलं. आतून दुसरी कडीही लागली.

मोठी जिन्यात उभी राहिली. आत धाकटीचा आवाज आला, काहीतरी सांगत असल्यासारखा. मग थोडी शांतता, जितक्या वेळात समोरचं माणूस उत्तर देईल तितकी. मग धाकटी हसली.

त्यानंतर फोन लागेना. आधी वाजून बंद व्हायचा, मग वाजेनासाच झाला. पाळणाघरात जाऊन तिनं बघितलं, पण कार्ड नसलेल्या माणसाशी मुलांबद्दल बोलत नाही, असं तिथल्या बाईंनी नम्रपणे सांगितलं. नियम चांगला होता. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मोठीनं त्याचं कौतुकच केलं असतं.

आठवडा गेला. सोमवारी साडेतीनच्या सुमाराला ती आतल्या खोलीत एका परीक्षार्थी मुलाच्या चष्म्यावरची चमक काढत होती. बाहेर काका कुणाशी तरी गप्पा मारत होते, नेहमीसारखे. एक बाईमाणूस हळू आवाजात बोलत होतं. मग फ्लॅश उडाला. मग दाराची घंटी वाजली.

काका पडदा सारून आत आले.

“हा एक पुढे घे गं पोरी. नाही, तसं काही करायचं नाहीये यात. छापूनही दिले मी, घेऊन गेल्या त्या. फक्त चौकट नीट झालीय का बघ, उरलेल्या प्रती उद्या हव्यात.”

पडद्यावर चेहरा आला.

मोठीनं तो चौपट केला. आठपट केला. हात सवयीनं जबड्याखाली गेला. सांधा नव्हता. असा अखंड चेहरा तिनं अकरा वर्षांत बघितला नव्हता.

“काही काढायचं का विचारलं मी,” काका म्हणाले. “तर म्हणाल्या, जशी आहे तशी राहू द्या. अशी गिऱ्हाइकं मिळायला नशीब लागतं.”

“कशासाठी हवा होता?”

काकांनी चिठ्ठी पुढे केली. ते गिऱ्हाइकाकडूनच भरून घ्यायचे. उपयोग, पाळणाघराचं कार्ड. मुलाशी नातं, मावशी. त्याखाली पत्ता.

मोठीनं पत्ता वाचला. मग पुन्हा वाचला.

“तुझ्याच इमारतीतल्या,” काका म्हणाले. “मी म्हटलं, अहो, मग आमच्या मुलीला ओळखत असाल, तीही दुसऱ्या मजल्यावर असते. तर म्हणाल्या, हो, त्या खोलीत आधी एक बाई राहायच्या. मी म्हटलं, खोलीचा नंबर चुकला तुमचा. हसल्या नुसत्या.”

मोठी उठली. पडदा सारून, काकांच्या खुर्चीला वळसा घालून ती दारापर्यंत गेली. बाहेर लख्ख ऊन होतं. भाजीच्या गाड्यावर पाणी शिंपडत होते. शाळेतून सुटलेल्या दोन मुली एकमेकींच्या दप्तराला धरून चालल्या होत्या.

तिनं वर बघितलं. दुसरा मजला, डावीकडून तिसरी खिडकी. त्या खिडकीला तिनं अकरा वर्षांत कधी पडदा लावला नव्हता. लपवण्यासारखं तिच्याकडे होतं तरी काय?

आता तिथं एक पडदा होता. पांढरा, हातानं विणलेला. ती बघत असतानाच एक रुंद पंजा खिडकीच्या कडेला आला आणि कुणी रस्त्यावरून आत डोकावू नये म्हणून त्यानं पडदा सावकाश ओढून घेतला.